रस्त्याला पाजलेलं पाणी

रामेश्वरचं नाव पेपरात आलं की कुणीतरी बातमीदार आमच्या गावात येतो, सुगंधाबाईच्या ओट्यावर बसून चहा पितो आणि 'मेंढपाळ माऊलीचा सुपरबाइकवीर लेक' असं काहीबाही लिहून जातो. त्या चहात साखर नावाला असते आणि समोरच्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय ही माऊली कप हातात देत नाही, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी पुंजाराम, तिचा शेजारी. तिच्या बांधाला माझा बांध आहे. तिच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा आहे, आणि ती मला आवडत नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

आमच्याकडं उन्हाळ्यात वावरात मेंढ्या बसवतात. रात्रभर कळप एका जागी बसला की लेंडीखत आपोआप पडतं, आणि पुढच्या कपाशीला दुसरं काही घालावं लागत नाही. त्याबदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो. सुगंधाबाईचा नवरा मुंजाबा फार भला माणूस, इतका भला की त्याचा आवाज कसा आहे ते मला नीट आठवत नाही. कळप कुणाच्या वावरात बसवायचा हे ती ठरवायची. एकदा तिच्या मेंढ्या माझ्या मक्यात शिरल्या, मी त्यातल्या दोन कोंडवाड्यात नेऊन घातल्या. तेव्हापासून तिचा कळप माझ्या चारी बाजूंच्या वावरांत बसला, माझ्या वावरात कधी बसला नाही. संध्याकाळी माझ्या बांधावर उभी राहून, मला दिसेल अशा बेतानं, ती काठी जमिनीत रोवायची आणि घशातून एक आवाज काढायची. तो आवाज ऐकला की सगळा कळप मटकन खाली बसायचा, आणि ती पुन्हा आवाज देईपर्यंत एक मेंढरू उठत नसे. आमच्या घरात माझं एवढं कुणी ऐकत नाही, हेही मला खुपायचं.

पुढं दुष्काळ आला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नाल्याकाठी तिची एक लहानशी विहीर आहे. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या तरी त्या खड्ड्याच्या तळाशी पाझर टिकून होता. मी मनकर्णाला, म्हणजे माझ्या बायकोला, हंडा देऊन पाठवलं. सुगंधाबाईनं तिला विहिरीच्या काठावरून परत पाठवलं. म्हणाली, हे मेंढरांचं पाणी आहे, माणसांना सरकारचा टँकर येतो. टँकर यायचा खरा, पण त्याची मर्जी असेल तेव्हा.

पाऊस आटला पण शहर आटलं नाही. औरंगाबाद म्हणायचे तेव्हा. ते फुगत फुगत आमच्या शिवारापर्यंत आलं. गायरान गेलं, अर्ध्या गावाची वावरं गेली, आणि तिथं नवी औद्योगिक वसाहत होणार असा बोर्ड लागला. कारखाने आले नाहीत, आधी रस्ते आले. सिमेंटचे, लग्नाची वरात आडवी चालवली तरी जागा उरेल एवढे रुंद. मधोमध दुभाजक, दुभाजकात वाळून गेलेली झाडं, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब. रस्त्यांवर कुत्री झोपायची. ज्या गायरानात सुगंधाबाईच्या सासऱ्यानं मेंढ्या वळल्या तिथं आता तिला रस्ता ओलांडून पलीकडं जावं लागे, आणि दर वेळी ती त्या सिमेंटवर थुंकून पुढं जाई.

त्याच काळात वाळूजला गिरिजा मोटर्स नावाची एक लहानशी कंपनी चालायला लागली. पत्र्याचं एक शेड, मोजकी माणसं. मालक शिवराज, गंगापूरकडच्या बागायतदाराचा इंजिनीअर मुलगा. तो एकच गाडी बनवायचा: बुटकी, जाड चाकांची मोपेड, दोन्ही अंगांना पाण्याचे ड्रम अडकवायला लोखंडी पाळणे. जिथं टँकर तिथं ती गाडी. सिल्लोडपासून पैठणपर्यंत दर वाडीत लोक तिच्यावर पाणी वाहायचे. दुष्काळानं ज्यांचं भलं केलं अशा थोड्या लोकांत शिवराजचा नंबर वरचा होता. पोट भरल्यावर माणसाला सुचतं तसं त्याला सुचलं. म्हणाला, आयुष्यभर गाढवं काय बनवायची, एक घोडा बनवू. सुपरबाइक बनवायची आणि परदेशात जाऊन मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांबरोबर पळवायची. वाळूजमधले लोक त्याला तोंडावर हसले. मी पाठीमागं हसलो.

घोड्यावर बसायला त्यानं निवडला आमचा रामेश्वर. सुगंधाबाईचा एकुलता एक. त्यानं मेंढ्या सोडून गिरिजात फिटरची नोकरी धरली होती, त्याबद्दल आई त्याच्याशी आधीच नीट बोलत नव्हती. पोरगा अंगानं चिपाड, तोंडानं आईसारखाच तिरसट, आणि भीती कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. शिवराजनं त्याला चेन्नईला आणि कोइम्बतूरला ट्रॅकवर शिकायला पाठवलं, लायसन्स काढून आणलं, आणि उरलेला सराव आमच्या उशाशी असलेल्या त्या रिकाम्या रस्त्यावर सुरू झाला. सकाळ झाली की ती लाल गाडी अशी बोंबलत जायची की भाकरी तव्यावर तशीच राहायची. दोन गाभण मेंढ्यांनी गाभ टाकला. सुगंधाबाईनं त्याचा दोष गाडीला दिला आणि पोटच्या पोरावर गोटे भिरकावले. ते लागले नाहीत, गाडीच तेवढी वेगात होती.

पुढं जे झालं ते फक्त आमच्याकडच्याच माणसांना जमलं असतं. शिवराजनं दोन वर्षं ती गाडी तपासली. वैशाखातल्या उन्हात इंजिन तापतं का पाहिलं, धूळ आत जाते का पाहिलं, तापलेल्या सिमेंटवर टायर किती टिकतो पाहिलं. पण त्या दोन वर्षांत पाऊसच पडला नाही. त्यामुळं पावसात गाडी कशी चालेल, हे कुणी तपासलं नाही, आणि तपासायचं राहिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शर्यत होती मलेशियात. निघायला थोडे दिवस उरले असताना कोइम्बतूरच्या एका जुन्या रायडरनं शिवराजला फोनवर विचारलं, तिथं रोज दुपारी धो धो पडतो, तुमच्या पोरानं ओल्यात किती चालवलीय? शिवराजकडं पावसाळी टायर होते. त्यांच्यावरचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं.

मग तो गावात आला. चावडीवर बसून म्हणाला, गंगापूरच्या माझ्या विहिरीचे दोन टँकर आणतो. एक त्या नव्या रस्त्याच्या वळणावर सोडतो, एक तुमच्या विहिरीत. गावानं लगेच होकार दिला, आणि पहिला होकार माझा होता. सुगंधाबाई मागं उभी होती. ती म्हणाली, माणसं तहानलेली असताना रस्त्याला पाणी पाजणार असाल तर माझ्याशी गाठ आहे. आम्ही तिला बोलू दिलं. ती रोजच कुणाला ना कुणाला असं म्हणत असे.

टँकर आला त्या सकाळी वळणावर पाहतो तर तिचा सगळा कळप रस्त्यावर बसलेला. या दुभाजकापासून त्या खांबापर्यंत, आडवा. सिमेंटमध्ये काठी रोवता येत नव्हती म्हणून ती काठी हातात धरून मधोमध उभी. टँकरचा ड्रायव्हर बन्सी हॉर्न वाजवून थकला. मेंढ्यांनी कान हलवले नाहीत. शिवराजनं मावशी मावशी करून पाहिलं. शेवटी रामेश्वरनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि आईपुढं येऊन उभा राहिला.

"आये, वल्या रस्त्यावर ही गाडी कशी पळती ते मला ठावं नाय. तिथं पडलो तर मरंन. उठव मेंढरं."

"तिथं पाऊस पडंल कशावरून? इथं दोन सालं ढग बघितला नाय कुणी. अन् पडला तर पडू दे. पावसानं कुणाचं वाईट केलंय आजपस्तोर?"

यावर कुणी हसलं नाही. उलट आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मान हलवली. बाईशी आमचं भांडण होतं, पण हे तिचं म्हणणं आम्हाला पटलं. पावसाला भ्यायचं असतं हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

शिवराजचं डोकं फिरलं. त्यानं बन्सीला ओरडून सांगितलं, सोड पाणी, मेंढ्या भिजतील आणि उठतील. बन्सीनं व्हॉल्व्ह फिरवला. पाणी रस्त्यावर आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कळप तिच्या आवाजाशिवाय उठला. पण पळाला नाही. मेंढ्या सिमेंट चाटायला लागल्या. एकमेकींच्या अंगावर चढून चाटायला लागल्या. ते पाहून बायका हंडे घेऊन धावल्या, त्यात मनकर्णा होती, आणि मनकर्णाच्या मागं घमेलं घेऊन मी होतो. कुणी नळाखाली हंडा धरला, कुणी खाली वाकून ओंजळीनं भरलं. टँकर रिकामा झाला तेव्हा रस्त्यावर लेंड्या होत्या आणि खुरांचा चिखल होता, गाडी पळवण्यासारखं ओलं काही उरलं नव्हतं. शिवराज मागं उभा असलेला दुसरा टँकर तसाच भरलेला घेऊन परत गेला. रामेश्वर त्याच्याबरोबर गेला, आईकडं न बघता. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, भरलेले हंडे कमरेवर घेऊन, हिच्यामुळं दुसरा टँकर गेला म्हणून सुगंधाबाईला शिव्या घातल्या.

तरी निघायच्या दिवशी तो बिरोबाच्या देवळापुढं आला. त्यांच्या घरात एक रीत आहे. कुणी कळप घेऊन लांब निघालं की घरातली मोठी बाई त्याच्या कपाळाला भंडारा लावते आणि 'पावसासंगं ये' म्हणते. म्हणजे कोरड्यात चाललायस, येताना पाऊस घेऊन ये. रामेश्वर आईशी बोलत नव्हता, पण ही रीत मोडायची त्याचीही छाती झाली नाही. गाडी टेम्पोत चढवली होती. सुगंधाबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, लाल टाकीला लावला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पावसासंगं ये." आम्ही सगळ्यांनी हात जोडले. शिवराजनंही जोडले. आपण काय मागतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शर्यत आम्ही गावातल्या बद्रीनाथच्या चहाच्या हॉटेलात पाहिली. त्यानं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. चित्र अडखळत होतं. सुगंधाबाई आमच्यापासून लांब, दाराशी उकिडवी बसली होती. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा तिथलं आभाळ काळं होतं. सुटल्या आणि पाऊस सुरू झाला.

असा पाऊस आम्ही किती दिवसांत पाहिला नव्हता. रस्त्याच्या कडेनं पाणी लोटांगणं घालत चाललं होतं, पत्र्यांवरून धारा लागल्या होत्या. "काय पाऊस हाय," असं कुणीतरी हळूच म्हणालं. वच्छलाबाईनं पुढं होऊन मोबाइलच्या काचेला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. आम्ही पाणी बघत होतो. कोण पुढं, कोण मागं, आपला पोरगा कुठं, कुणालाही भान नव्हतं. दाराशी सुगंधाबाई विचारत होती, लाल गाडी कुठंय, लाल गाडी कुठंय, आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. तेवढ्यात एका वळणावर एक लाल गाडी आडवी होऊन घसरत गेली, आणि तिच्यामागं एक माणूस लोळत गेला. बाई उठून चालायला लागली तेव्हा आम्हाला कळलं की तो आमचा होता.

मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. मुंजाबानं त्याला घरी आणून खाटेवर टाकला आणि पुन्हा मेंढ्यांमागं निघून गेला. मायलेक एका खोलीत राहायचे, पण बोलत नसत. ती भाकरी ठेवायची, तो खायचा. गाव मात्र बोलत होतं. आईनंच पोराचा पाय मोडला, असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायचो. एकदा तिनं बांधावर मला गाठलं.

"तू घमेलं भरून नेलंस त्या दिशी. ग्वाड लागलं का रं पाणी?"

ते पाणी गढूळ होतं आणि आम्ही ते प्यालो होतो.

पुढच्या वर्षीही पाऊस रुसलेलाच राहिला. शिवराज पुन्हा शर्यतीला जाणार असं ऐकू आलं. लंगडत का होईना, रामेश्वर पुन्हा रस्त्यावर गाडी काढू लागला, पण कोरड्याच रस्त्यावर. टँकरचं नाव काढायची शिवराजची हिंमत नव्हती. त्या उन्हाळ्यात मुंजाबा कळप घेऊन फार लवकर कन्नडच्या घाटाकडं गेला. मला वाटलं, बरं झालं, मेंढ्या गेल्या, आता विहिरीतलं पाणी तरी बाई देईल. मनकर्णाला पुन्हा हंडा घेऊन पाठवलं. ती रिकामा हंडा घेऊन आली आणि म्हणाली, जाऊन बघा तिचा तमाशा.

गिरिजाची ड्रमवाली मोपेड रामेश्वरनं पहिल्या पगारात आईला आणून दिली होती. तिनं ती कधी चालवली नव्हती, कडब्याखाली पडून होती. ती तिनं बाहेर काढली होती. विहिरीतलं पाणी शेंदून दोन्ही ड्रम भरत होती आणि गाडी चालू ठेवून, स्वतः शेजारून चालत, वळणापर्यंत नेत होती. तिथं ड्रम कलंडवायची. पाणी वळणावर पसरायचं. रामेश्वर लांबून यायचा, ओल्यावरून गाडी वाकवायचा, निघून जायचा. ऊन असं की पाणी बघता बघता वाळायचं. ती पुन्हा विहिरीकडं. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. एकदा तो पडला, हळूच पडला, पण सळईच्याच पायावर. ती जागची हलली नाही. "ऊठ," एवढंच म्हणाली.

हे रोज सुरू झालं. माझ्या गायीसाठी मी मैलभरावरून पाणी आणत होतो आणि ही बाई पिण्याचं पाणी सिमेंटवर ओतत होती. एक दिवस आम्ही अर्धं गाव जमून गेलो. भांडायलाच गेलो होतो. मी म्हणालो, गेल्या साली तूच आम्हाला शिकवत होतीस ना, माणसं तहानलेली असताना रस्त्याला पाणी पाजू नये म्हणून.

"व्हय, म्या म्हणले हुते. ह्या पाण्यावर मेंढरं जगायची, ती धाडून दिली. घाटात निम्मी मेली. आता हे माह्या पोराचं पाणी हाय. तुमच्या बापाचं नाय."

आमच्यातल्या सर्जेरावला राग आवरला नाही. त्यानं भरलेल्या ड्रमला लाथ मारली. ड्रम आडवा झाला आणि सगळं पाणी वळणाच्या ऐन पोटात पसरलं, तिनं ओतलं असतं त्याहून नीट. रामेश्वर तिकडून येतच होता. मागचं चाक सटकलं, गाडी नाचली, त्यानं पाय टेकला, सावरली आणि गेला. सुगंधाबाईनं सर्जेरावकडं पाहिलं नाही. तिनं ड्रम उभा केला, मोपेडला अडकवला आणि विहिरीकडं निघाली. आम्ही शिव्या देत घरी आलो. तळाचा दगड उघडा पडेपर्यंत तिनं ती विहीर रस्त्यावर रिकामी केली.

त्या वर्षी मलेशियात पुन्हा पाऊस पडला आणि रामेश्वर न पडता पुरी शर्यत धावला. मागून तिसरा आला, पण मोठ्या कंपन्यांच्या दोन गाड्या गिरिजाच्या मागं राहिल्या. ते सगळं पेपरात आहे. पेपरात नाही ते निघायच्या दिवशीचं.

टेम्पो बिरोबापुढं उभा होता. सगळं गाव आलं होतं, प्रेमानं नव्हे. मृग तोंडावर आलेला, आभाळात कापसाएवढा ढग नाही. रीतीचं ते एक वाक्य आता आम्हाला त्या पोरापेक्षा जास्त हवं होतं. सुगंधाबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. टाकीला लावला. आणि गप्प राहिली. भंडाऱ्याचा हात तसाच टाकीवर. आम्ही हात जोडून उभे. रामेश्वर वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं बघत होता.

वच्छलाबाई म्हणाली, अगं बोल की, देव ऐकतोय. मागून कुणीतरी म्हणालं, गावाचं वाटोळं करायचं ठरवलंय का हिनं. मीही म्हणालो, एक वाक्य बोलायला तुझं काय जातंय?

तिनं टाकीवरचा हात काढून पदराला पुसला आणि आमच्याकडं वळली.

"त्याला येऊ दे. पावसाचं तुमचं तुम्ही बघा."

टेम्पो निघून गेला. त्या दिवसापासून गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. मी तर आधीच टाकलेलं होतं.